तळ्याकाठची माहेरवाशीण

डिंक, अळीव, खारीक आणि सुंठ, एवढंच आणायला चित्रलेखा ट्रुगानिना उपनगरातल्या देशी दुकानात गेली होती. लेक बाळंतपणाला येणार म्हटल्यावर लाडू आधीच वळून ठेवलेले बरे. एकदा बाळ आलं की आजीला कढईपुढे उभं राहायला सवड मिळत नाही, हे तिला दहा जणींनी सांगून झालं होतं. डिसेंबरातला पहिला गुरुवार, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा. बाहेर पारा चाळिसाच्या वर, आणि बिलाची रांग काही केल्या पुढे सरकत नव्हती.

रांगेत विलासराव भेटले. शेजारच्या टार्निटला तिच्याच रस्त्यावर चार घरं सोडून मुलाकडे राहणारे हे निवृत्त गृहस्थ. दिवसातून तीनदा फिरायला निघायचे आणि फिरता फिरता साऱ्या वस्तीची बित्तंबातमी गोळा करायचे.

"आली वाटतं ईशानी," ते म्हणाले. "काल पाहिली."

"नाही हो. उद्या येतेय डार्विनहून."

"असं कसं? काल चारच्या सुमारास तुमच्या दारात उभी होती की. पाठमोरी. मी हाकसुद्धा मारली, पण वळली नाही. म्हटलं, कानात ते हेडफोन असतील." मग त्यांनी आवाज उतरवला. "वहिनी, दिवस अगदी भरलेत हो तिचे. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. पण एवढ्या उन्हात लोकरीची शाल कशाला पांघरायची म्हणतो मी? आणि ओली होती ती. खाली पाणी ठिबकत होतं."

"पार्सलवाली असेल कुणी," चित्रलेखा म्हणाली आणि पिशव्या उचलल्या. पार्सलवाल्या शाल पांघरून येत नाहीत हे तिलाही कळत होतं.

ईशानी छत्तीस वर्षांची, डार्विनच्या हॉस्पिटलात बायकांची डॉक्टर. शेकडो बाळं तिनं जगात आणली आणि स्वतःची कूस मात्र सहा वर्षं रिकामी राहिली. तीन आयव्हीएफ फुकट गेले. दर वेळी "नो वरीज आई, नेक्स्ट टाइम" म्हणून फोनवर हसायची, आणि फोन ठेवल्यावर ती काय करत असेल हे चित्रलेखाला इकडे बसून दिसायचं. चौथ्या खेपेला राहिलं. जानेवारीच्या सुरुवातीची तारीख होती. हे मूल हातात आलं नाही तर आपली पोर पुन्हा उभी राहायची नाही, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

घरी येऊन तिनं पिशव्या ओट्यावर टाकल्या आणि पहिली लेकीच्या खोलीत गेली. दोनच दिवसांपूर्वी तिथं नवी चादर घातली होती. चादरीच्या मधोमध कुणी बराच वेळ बसून उठावं तसा खळगा पडला होता. हात लावला तर गार, ओलं. खोलीत चिखलाचा वास भरला होता, कुजक्या लव्हाळ्यांचा, साचलेल्या पाण्याचा. आणि त्याच्यात मिसळलेला एक गोड, जड, फुलांचा वास. हा दुसरा वास तिनं आयुष्यात एकदाच घेतला होता. जून महिन्यात, पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूला.

"कूलरचा पाइप गळत असेल," तिचा नवरा गुरुदत्त दारातून म्हणाला. "या नव्या एस्टेटमधली बांधकामं म्हणजे सगळी घाईची. बोलावतो माणसाला."

तो इंजिनिअर. जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एखादा पाइप असतो, अशी त्याची धारणा होती. चित्रलेखानं चादर काढली आणि धुवायला टाकली. जूनमधली ती गोष्ट तिनं त्याला सांगितलीच नव्हती.

त्या वेळी ती दोघं युरोपला गेली होती. पॅरिसला सगळेच जातात, म्हणून गुरुदत्तनं ल्युब्लियाना निवडलं. स्लोव्हेनियाची राजधानी. "हे कुठं आलं?" असं लोकांनी विचारलं की त्याला कोण आनंद व्हायचा! तासातासाचा तक्ता त्यानं कॉम्प्युटरवर आखला होता: चार दिवस शहर, तीन दिवस आजूबाजूचा मुलूख. बॅगेत छोटा राइस कुकर, मेतकूट आणि गोडा मसाला, म्हणजे परमुलखात उपाशी मरायला नको.

शहर मोठं लोभस होतं. एका दुपारीत चालून संपावं एवढंच. मधून हिरवी नदी, तिच्यावर ओणवलेली वाळुंजाची झाडं, आणि एका पुलाच्या चारी कोपऱ्यांवर पंख पसरून बसलेले हिरवट ड्रॅगन. गुरुदत्तनं त्यांचे चाळीस फोटो काढले. टेकडीवरच्या किल्ल्यात दोघं रुळांवरून चढणाऱ्या काचेच्या डब्यात बसून गेली, नदीकाठच्या बाजारात बोटं लाल होईपर्यंत चेरी खाल्ल्या. पण चित्रलेखाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ईशानीचा दहावा आठवडा चालू होता, आणि मागच्या खेपेस नवव्यातच सगळं संपलं होतं.

तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पुडकं होतं. हिरवा खण, पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळदकुंकू. चित्रलेखा वांद्र्याची. तिची आई मोत माउलीला, तिथल्या चर्चमधल्या मेरीला, नवस बोलायची, मेणबत्ती लावायची आणि घरी येऊन गणपतीची आरती करायची, आणि यात काही वावगं आहे असं त्या गल्लीत कुणालाच वाटत नसे. आपणही इथल्या माउलीची ओटी भरावी आणि लेकीचं मागणं मागावं, एवढंच चित्रलेखाच्या मनात होतं. पण राजधानीतल्या प्रत्येक चर्चमध्ये दोरखंड, पहारेकरी आणि फोटो काढणारे लोक. तिला संकोच वाटला. पुडकं तसंच राहिलं.

पाचव्या दिवशी निका नावाची गाईड तिच्या गाडीतून त्यांना शहराबाहेर घेऊन गेली. तासाभरात सगळं बदललं. गर्द जंगल, मग उघडी कुरणं, कुरणांत गवत वाळवायच्या उंच लाकडी चौकटी. प्रत्येक फाट्यावर पांढऱ्या कोनाड्यात माउली, पुढ्यात लालभडक फुलं आणि तेवती पणती. आणि मग एक विस्तीर्ण तळं. हे तळं कधी असतं, कधी नसतं, निकानं सांगितलं. पावसात भरतं आणि उन्हाळा सरता सरता जमिनीतल्या भोकांतून निथळून जातं. मग लोक तळात उतरून गवत कापतात.

गुरुदत्त त्या लाकडी चौकटींच्या सांध्यांत रमला. निका त्याच्या प्रश्नांत अडकली. चित्रलेखा एकटीच पाण्याच्या दिशेनं उतरली. काठावर लिंडेनचं एक जुनं झाड होतं, गोड, जड वासाच्या फुलांनी लगडलेलं, आणि त्याच्या सावलीत पुरुषभर उंचीची दगडी बाई.

मुकुट नव्हता. कडेवर बाळ नव्हतं. केस मोकळे, मान खाली, हात कमरेवर, आणि पोट भरल्या दिवसांचं. गावाकडे पाठ करून ती पाण्याकडे बघत होती. पुढ्यात ना फूल, ना पणती. आजूबाजूला एकही माणूस नव्हतं, आणि चित्रलेखाला नेमकं तेच हवं होतं. पोटुशी माउली! लेकीसाठी याहून चांगला शकुन कुठला?

तिनं हळदकुंकू लावलं. खण पसरून दगडाच्या पोटाशी धरला आणि पाच मुठी तांदूळ घातले. "माझ्या ईशानीला सुखरूप सोडव," ती म्हणाली. मग त्या खाली घातलेल्या मानेकडे बघून तिला एकदम भरून आलं. कुणाच्याच नजरेत नसलेली, टाकलेली बाई वाटली ती. चित्रलेखानं दगडाच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "तुला कुणी नाही का गं? मग तूही ये. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं. मी करीन तुझं सगळं."

वर पानांत मधमाश्या गुणगुणत होत्या त्या थांबल्या. तेवढंच. चित्रलेखा परत फिरली तेव्हा निका अर्ध्या वाटेत उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिनं दोघांना घाईनं गाडीत बसवलं. मग आरशातून चित्रलेखाकडे बघत म्हणाली, "ती मेरी नाही. इथं तिला कुणी काही देत नाही."

"का?"

"फार जुनी गोष्ट आहे. दिवस भरल्यावर तिला नवऱ्यानं घराबाहेर काढलं. ती आईकडे आली. रात्रभर दार वाजवलं, आईनं उघडलं नाही. त्या साली तळं कोरडं होतं. ती तळात जाऊन बसली आणि पहाटे पाणी आलं." निकानं गाडी सुरू केली. "लोक म्हणतात, ती अजून दार शोधतेय. तुम्ही... तुम्ही तिला काही बोललात का?"

"नाही," चित्रलेखा म्हणाली. "नुसता नमस्कार केला."

"मग ठीक आहे," निका म्हणाली.

डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी ईशानी आली. गोल पोट, सुजलेले पाय, आणि चेहऱ्यावर असं हसू की चित्रलेखा चार दिवस सगळं विसरली. जावई सिद्धार्थ डार्विनच्या गॅस प्लँटमध्ये होता, त्याला ख्रिसमसच्या तोंडावरच सुट्टी मिळणार होती. लाडू झाले, तेल लावून झालं. खोलीतल्या ओलीसाठी कूलरवाला येऊन गेला आणि सगळे पाइप कोरडे आहेत असं सांगून पैसे घेऊन गेला.

पाचव्या दिवशी दुपारी ईशानी स्वयंपाकघरात आली. कपाळाला आठ्या.

"आई, शेजारच्या घरात कुणी प्रेग्नंट आहे का?"

"नाही गं. ते घर रिकामं आहे, विकायला काढलंय. का?"

"माझ्या रूममध्ये ऐकू येतं. रोज आफ्टरनूनला. कुणीतरी ब्रीद करतंय. आय मीन, साधं नाही. लेबरचं ब्रीदिंग आहे ते. माझं कामच आहे ना, चुकणार नाही मी. आधी वीस मिनिटांनी यायचं. आज मी टाइम केलं. बारा."

चित्रलेखाच्या हातातला झारा तसाच राहिला. ती लेकीच्या मागून खोलीत गेली. दोघी पलंगाच्या कडेला बसल्या. खिडकीबाहेर पत्र्याचं कुंपण उन्हानं तडतडत होतं. छतातून कूलरचा वारा येत होता. आणि मग आला तो आवाज. भिंतीतून नाही, खिडकीतून नाही. पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून. नाकातून ओढलेला लांब श्वास, दाताखाली दाबलेलं कण्हणं, आणि कळ ओसरताना सुटलेला एक दमलेला हुंदका...

"ऐकलंस?" ईशानी कुजबुजली. तिचा हात पोटावर होता. "आणि आई, हे सुरू झालं की बाळ हलायचं थांबतं. एकदम शांत होतं. मी काउंट करतेय."

त्याच संध्याकाळी त्यांनी हॉस्पिटल गाठलं. पट्टे लावून बाळाचे ठोके तपासले. सगळं नॉर्मल आहे, घरी जा, आराम करा. गुरुदत्तला काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यानं दोघींनाही आराम करायला सांगितलं.

पण चित्रलेखाला आता स्वतःपासून लपवायला जागा उरली नव्हती. एका घरात एका वेळी दोन बाळंतिणी नसाव्यात, असं तिची आजी म्हणायची. तेव्हा ती हसली होती. आपल्याच तोंडानं आपण दुसरीला बोलावून घेतलं, आणि तीही लेकीच्या जिवावर! या विचारानं ती रात्रभर स्वतःला बोल लावत राहिली. लेकीला सांगायची मात्र तिला हिंमत झाली नाही. घाबरून काही बरंवाईट झालं तर?

दुसऱ्या दिवशी ईशानी बाहेरच्या सोफ्यावर पाय वर करून पडली असताना चित्रलेखा खोलीत शिरली. दार लावलं. हात जोडले.

"बाई, माझी चूक झाली. मला ठाऊक नव्हतं तू कोण ते. तू परत जा. पाया पडते तुझ्या, जा इथून."

कण्हणं थांबलं. खोलीतलं ऊन तसंच होतं, पण हवा एकदम गार पडली, आणि कार्पेटमधून पाणी वर येऊन तिच्या तळव्यांना लागलं. त्याच क्षणी बाहेरून ईशानीची किंकाळी आली.

"आई! आई, हलत नाहीये! काहीच हलत नाहीये!"

चित्रलेखा दाराकडे धावली आणि उंबऱ्यात थबकली. तिला कळलं. एका आईनं एकदा दार लावलं होतं. दुसऱ्या आईनं लावलं, तर याचं मोल ती कुठून वसूल करणार, हे स्पष्ट होतं.

"नाही, नाही," ती त्या रिकाम्या पलंगाला म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "जा नाही म्हटलं गं. राहा. तुझंच घर आहे. राहा तू..."

बाहेर ईशानी मोठ्यानं हसली आणि हसता हसता रडायला लागली. "ओ गॉड. किक केलं. केवढ्या जोरात केलं!"

त्या दिवशी चित्रलेखानं ठरवलं. माहेरवाशिणीला कुणी हाकलत नाही, तिची पाठवणी करतात. बोलावलंय तर बाळंतपण करायचं, ओटी भरायची आणि मानानं वाटेला लावायची. म्हणजे लेकीच्या बाळाची पाळी येण्याआधी हिचं होऊन जाईल. वेडेपणा होता, पण दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता. खोलीत ओल फार आहे असं सांगून तिनं ईशानीला पुढच्या मोठ्या बेडरूममध्ये हलवलं. मागच्या खोलीत जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे, तेलाची वाटी आणि पाणी नेऊन ठेवलं. रोज बशीत दोन लाडूही ठेवायची. संध्याकाळी बशी ओली आणि रिकामी असायची.

आठ मिनिटं. सहा. चार.

ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी उत्तरेचा तापलेला वाळवंटी वारा सुटला. पारा त्रेचाळीस. आकाश पिवळं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सिद्धार्थचं विमान दुपारी यायचं होतं, गुरुदत्त त्याला आणायला एअरपोर्टला गेला. दोनच्या सुमारास ईशानी म्हणाली, "आई, मला इतकी झोप का येतेय?" आणि पंख्याखाली आडवी झाली ती गाढ झोपली. चित्रलेखानं तिला पांघरूण घातलं, दोन हाका मारून पाहिल्या. ती हललीही नाही.

मागच्या खोलीतून आता आवाज सलग येत होता.

चित्रलेखा आत जाऊन पलंगाशी बसली. दिसत काहीच नव्हतं. गादी मधोमध खोल दबलेली, उशी ओलीचिंब, लिंडेनच्या फुलांचा वास इतका दाट की श्वास घेववेना. तिनं हात पुढे केला. पाच बोटांनी तो घट्ट धरला. बर्फासारखी गार, ओली बोटं. ती ओरडली नाही. तिनं दुसरा हात त्या बोटांवर ठेवला.

"कळ दे, पोरी," ती म्हणाली. "मी आहे. दार उघडंच आहे. दे..."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वारा पत्र्यांवर आपटत होता. मग एक शेवटचा, लांब, फाटलेला श्वास आला, आणि तिनं पुढे धरलेल्या लुगड्याच्या तुकड्यात अचानक वजन आलं.

रिकामं कापड भरलं. तिच्या दोन्ही तळव्यांवर काहीतरी वळवळलं, लाथ मारली, आणि बारीक आवाजात रडलं. ऊबदार होतं ते. त्या बर्फगार खोलीत एवढंच ऊबदार होतं. चित्रलेखाला वाटलं होतं की भीतीनं आपला प्राण जाईल. त्याऐवजी तिला अशी माया दाटून आली की तिनं ते न दिसणारं गाठोडं छातीशी धरलं आणि ओठ टेकवले. पोटच्या गोळ्यासाठी तुटावं तसं तिचं काळीज तुटलं. परकं लेकरू, तेही भुताचं, आणि हातातून सोडवत नव्हतं.

पण सोडायलाच हवं होतं. तिनं ते त्या गार हातांत दिलं. मग तांदूळ, खण, हळकुंड, सगळं त्या दबलेल्या गादीवर घातलं. "झालं गं बाई तुझं माहेरपण. लेकराला घेऊन सुखानं जा. मागे वळून बघू नकोस."

गादी हळूच वर आली. पॅसेजमधून ओली पावलं उमटत गेली. पुढचं दार आपसूक उघडलं, उन्हाचा भपका आत आला. तापलेल्या सिमेंटवर पावलांचे ठसे फाटकापर्यंत दिसले आणि तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेले. जाताना बाळ रडत होतं. रस्त्याच्या वळणापर्यंत तिला तो आवाज ऐकू आला.

खोली कोरडी झाली होती. वास गेला होता. चित्रलेखा भिंतीला टेकून बसली आणि मनसोक्त रडली. सुटलो. पोर वाचली. आपणच केलं होतं, आपणच निस्तरलं.

"आई?" ईशानी दारात उभी होती, डोळे चोळत. "किती झोपले मी. एकदम हलकं वाटतंय मला." मग तिनं खाली पाहिलं. "ओह. आई, वॉटर ब्रेक झालं."

चित्रलेखानं गाडी कशी चालवली हे तिचं तिला ठाऊक. हॉस्पिटलात पोहोचल्यावर जेमतेम तासाभरात सगळं आटोपलं. मुलगी. सात वाजून दहा मिनिटं, बाहेर अजून लख्ख ऊन. मुलगी रडली नाही. डोळे उघडून शांतपणे बघत राहिली. पन्नाशीची हसरी मिडवाइफ तिला टॉवेलनं पुसत म्हणाली, "थोडी गार आहे, पण होतं असं. ठोके मस्त आहेत." आणि ईशानीला तपासता तपासता सहज म्हणाली, "तरीच म्हटलं एवढी घाई का! दुसऱ्या खेपेची बाळं वाट बघत नाहीत, लव्ह."

"पहिलंच आहे माझं," ईशानी म्हणाली.

मिडवाइफ हसली. मग तिनं पुन्हा एकदा पाहिलं. मग कागद पाहिले. तिचं हसू मावळलं, आणि "डॉक्टरांशी बोलून येते" म्हणून ती घाईनं बाहेर गेली.

विमानाला उशीर झाला होता, त्यामुळे सिद्धार्थ आणि गुरुदत्त एअरपोर्टहून थेट इथंच आले. दोघंही रडले, फोटो काढले, आणि सगळ्यांना कळवायला बाहेर गेले. खोलीत मायलेकी उरल्या. काचेच्या पाळण्यात ती मुलगी जागीच होती. चित्रलेखानं तिला उचललं. सहा वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. तिनं छातीशी धरलं, ओठ टेकवले आणि थांबली. आत काहीच हललं नाही. दुपारी जे काळीज तुटलं होतं ते आता गप्प होतं, आणि तळव्यांना अजून दुसरंच वजन आठवत होतं. लहान, ऊबदार, वळवळणारं.

"आई, इकडे बस," ईशानी म्हणाली. तिचा आवाज पेशंटशी बोलतानाचा होता, हळू आणि सरळ. "ती मिडवाइफ बरोबर बोलतेय. मी रोज बायका तपासते. बॉडीवरून सगळं कळतं. आज दुपारी, मी झोपलेले तेव्हा..." तिनं आईचा हात धरला. "मी आधी एकदा बाळंत झालेय, आई. माझं पहिलं कुठंय?"